शेजाऱ्यांची सासुरवाडी

थायलंडविषयी मला जे काही माहीत होतं, ते लग्नानंतरच्या सहा दिवसांच्या ग्रुप टूरमधून आलेलं. पुण्याहून निघालेली चाळीस माणसं, बसमध्ये भेंड्या, रोज रात्री ठरलेल्या हॉटेलात वरण-भात आणि पोळ्या. एका देवळात माझा नवरा बुद्धाच्या मूर्तीपुढे पाय लांब करून बसला आणि त्याने मला फोटो काढायला सांगितलं. आमची थाय गाईड लगबगीने आली आणि हसत हसत तिने त्याला पाय दुमडून घ्यायला लावले. ती हसत होती म्हणून आम्हीही हसलो. तळपाय मूर्तीकडे करणं तिथे किती वाईट, आणि माणूस दुखावला तरी तिथे कसा हसतो, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेही आयर्लंडमधल्या लेटरकेनीत, शेजारच्या घरातल्या स्वयंपाकघरात.

मी तिथल्या हॉस्पिटलमध्ये मेडिसिनला रजिस्ट्रार होते. नवरा डब्लिनला सॉफ्टवेअरमध्ये. शनिवार-रविवारी चार तास गाडी चालवून यायचा, आणि लॉकडाऊन लागला की तेही बंद. गावाबाहेरच्या टेकडीवर मी एक घर भाड्याने घेतलं होतं. शेजारी एक जोडपं राहायचं. नवरा आयरिश, सत्तरीचा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. बायको थाय, पंचावन्नची असेल, वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये स्वयंपाक करायची. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं, "तुमच्याकडे मोठ्या बहिणीला काय म्हणतात?" मी म्हटलं, ताई. "मग मला ताई म्हण. आमच्यात मोठ्यांना नुसतं नावाने हाक मारत नाहीत. इथे मारतात, मला अजून सवय नाही." मलाही नव्हती. तिच्या नवऱ्याला मी कधीच नावाने हाक मारू शकले नाही. नुसतं 'हॅलो' म्हणून भागवायचे. ते मला डॉक्टर म्हणायचे.

त्यांच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि ते एकदाही सासुरवाडीला गेले नव्हते. ताईचं गाव थायलंडच्या ईशान्येला. त्या भागाला ते ईसान म्हणतात, म्हणजे आपलं ईशान्यच, हे ऐकून मला उगाच जवळचं वाटलं होतं. दर दुसऱ्या वर्षी ती एकटी सहा आठवडे जाऊन यायची. यांचं जाणं राहत गेलं. आधी यांची स्वतःची आई अंथरुणाला खिळलेली होती, मग शाळेची बस होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना विमानाची भीती वाटायची. ग्लासगोपलीकडे ते कधी गेले नव्हते, तेही बोटीने. दर वेळी ते म्हणायचे, पुढच्या वर्षी.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकदाची तिकिटं काढली, एप्रिल २०२० ची. त्या हिवाळ्यात ताईने त्यांची शिकवणी घेतली. मी चहाला गेले की स्वयंपाकघरात हेच चाललेलं असायचं. हात असे जोडायचे, बोटं हनुवटीशी, मोठ्यांना नाकाशी, भिक्खूंना कपाळाशी. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाच्यासुद्धा. जमिनीवर बसलेल्या माणसाला ओलांडून जायचं नाही. चमच्याने खायचं, काटा नुसता भात चमच्यात ढकलायला. आवाज चढवायचा नाही, काहीही झालं तरी. ते मान हलवायचे, इथल्या बोलीत 'ठीक, ठीक' अशा अर्थाने, "ग्रँड, ग्रँड," आणि त्यांची नजर ताईच्या खांद्यावरून मागच्या खोलीतल्या टीव्हीकडे जायची. मी हसायचे. तीही हसायची. आता वाटतं, तिचं ते हसणं त्या गाईडसारखं होतं का, ते मी तेव्हा बघायला हवं होतं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमान रद्द झालं. या वेळी कोणी न म्हणताच ते पुढच्या वर्षावर गेलं.

नोव्हेंबरमध्ये ताई नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्तस्राव. मी त्या दिवशी खालच्या मजल्यावर कोविडच्या वॉर्डात होते. मला दुपारी कळलं. अंगावरचं सगळं उतरवून, हात धुऊन, दुसरा गाऊन चढवून मी वर गेले तेव्हा स्कॅन झालेला होता. मी तो पाहिला. डॉक्टर असण्याचा तिथे इतकाच उपयोग होता, की जे बाकीच्यांना नंतर सांगितलं जाणार होतं ते मला बघता क्षणी कळलं. तिचे हात थंड होते. मी थोडा वेळ धरून उभी राहिले आणि मग मला खाली जावं लागलं. ती दोन दिवस होती. शेवटी नवऱ्याला आत सोडलं, मास्क आणि ॲप्रनमध्ये. ते तिच्याजवळ होते एवढं बरं झालं, त्या दिवसांत तेही सगळ्यांना मिळत नव्हतं.

अंत्यविधीला मोजकीच माणसं चालायची. बाकीचा शेजार रस्त्याच्या कडेला अंतर राखून उभा राहिला आणि गाडी मधून हळू गेली. मीही उभी होते. दहनगृह दोन तासांवर, दुसऱ्या काउंटीत, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात. ते एकटे गाडी घेऊन मागोमाग गेले आणि काही दिवसांनी राख घेऊन आले. ती त्यांनी कुठे ठेवली ते मला खूप नंतर कळलं. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, टॉवेल आणि चादरी उबदार ठेवायला. त्याला हॉट प्रेस म्हणतात. त्यात, टॉवेलांच्या वरच्या फळीवर. "तिला कायम थंडी वाजायची," ते म्हणाले.

फेब्रुवारीत एका दुपारी त्यांनी माझी बेल वाजवली आणि दोन मीटर मागे सरून पावसात उभे राहिले.

"डॉक्टर, तुम्ही तिथे जाऊन आलायत ना?"

"कुठे?"

"तिच्या देशात. ती सांगत होती."

मी म्हटलं, आले आहे, पण.

"मी तिला घरी न्यायचं म्हणतोय. विमानं सुरू झाली की. तिची आई आहे, नव्वदीला टेकलेली. बहीण आहे. देवळात ठेवतात म्हणे. पण तिथे वागायचं कसं, मला एक अक्षर आठवत नाही." त्यांनी टोपी काढली. "ती शिकवत होती तेव्हा मी ऐकत नव्हतो. मॅच बघत होतो."

मी सांगायला हवं होतं, की माझं जाणं म्हणजे बसच्या खिडकीतून बघणं. माझ्यापेक्षा तुमचा टीव्हीसुद्धा जास्त सांगेल. पण ते टोपी हातात धरून उभे होते, पाणी डोक्यावरून गळत होतं, आणि त्यांच्या लेखी मी 'त्या बाजूची' होते. मी म्हटलं, "बघू या. होईल काहीतरी."

ताईची धाकटी बहीण गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचं इंग्रजी सावकाश आणि नीट होतं, पण यांचं डॉनिगॉलचं, म्हणजे आमच्या काउंटीच्या बोलीतलं, इंग्रजी तिला अजिबात कळायचं नाही. मग मधे मी. रविवारी सकाळी त्यांच्या मागच्या दारी, बाहेर दोन खुर्च्या टाकून, अंगावर कोट चढवून, फोन पाण्याच्या बादलीला टेकवून आम्ही व्हिडिओ कॉल करायचो. तिकडे दुपार असायची, बहीण पंख्याखाली बसलेली असायची. इकडे आमच्या तोंडातून वाफ.

पहिल्याच कॉलला मी तोंडघशी पडले. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की शोकाला पांढरे कपडे लागतील. आपल्याकडचं मी बिनदिक्कत तिकडे लावून टाकलं होतं. त्यांनी पांढरा शर्ट विकत घेऊनही ठेवला होता. बहीण म्हणाली, काळा. पांढराही चालेल, पण त्यांनी काळा घालावा, नवरा आहे. दुसरी चूक, मी त्यांना म्हटलं होतं की जो दिसेल त्याला हात जोडा, जास्त झालं तर काय बिघडतं. बहिणीच्या मागून तिची पाच-सहा वर्षांची नात डोकावली, तर यांनी मोठ्या अदबीने तिला हात जोडले. बहिणीचा चेहरा क्षणभर बदलला आणि मग ती हसली. "लहानांनी आधी जोडायचे," ती म्हणाली. "मोठ्यांनी लहानाला आधी जोडले तर लहानाचं आयुष्य कमी होतं, असं जुने लोक म्हणतात. काही नाही, त्यांना माहीत नव्हतं." मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी हात मांडीखाली घातले आणि कॉल संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

तेव्हापासून मी माझ्या मनाने काही सांगणं बंद केलं. बहीण सांगेल ते वहीत लिहायचं आणि त्यांना दाखवायचं. सासूला 'मॅ' म्हणायचं, म्हणजे आई. भिक्खूंना वस्तू दोन्ही हातांनी द्यायची. ते उलट हात जोडत नाहीत, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. कोणी जेवलास का विचारलं तर ते 'कसा आहेस'सारखं आहे, खरंच सगळं सांगत बसायचं नाही. जमिनीवर बसताना दोन्ही पाय एका बाजूला दुमडायचे. यावर ते म्हणाले, "माझा डावा गुडघा वाकत नाही, डॉक्टर. तुम्हाला माहीतच आहे." मला माहीत होतं. बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, खुर्ची देऊ. मग जरा वेळाने म्हणाली, पण आई खाली बसते, आणि तिच्यापेक्षा उंच बसणं बरं दिसत नाही. गुडघ्याला वहीत उत्तर नव्हतं.

मार्चमधल्या एका कॉलला बहिणीने विचारलं, "हाडं किती आहेत?"

मी विचारलं, काय?

तिने समजावून सांगितलं. तिकडे दहनानंतर दुसऱ्या दिवशी घरची माणसं हाडं वेचतात, ती माणसाच्या आकारात मांडतात, डोकं इकडे, पाय तिकडे, त्यावर सुगंधी पाणी शिंपडतात, आणि मग ती भांड्यात भरतात. तेवढं तिच्या हाताने करायचं राहिलंय, ते ती करेल. तिने भांडंही आणून ठेवलं होतं.

मला ते पुरतं कळलं. सांगलीला आजोबांच्या वेळी वडील आणि काका पहाटे राख सावडायला गेलेले मला आठवत होते. म्हणूनच पुढचं मला बोलवेना. इथे दहनगृहात हाडांचं बारीक पीठ करून देतात, चाळलेल्या वाळूसारखं. त्यात वेचायला काही नसतं. शेजारी ते विचारत होते, "काय म्हणतेय ती? काय म्हणतेय?"

मी आधी त्यांना सांगितलं. ते उठून आत गेले. मग मी बहिणीला सांगितलं. तिने विचारलं, "तुमच्याकडे तसं असतं का?" मी म्हटलं, नाही, आमच्याकडे तुमच्यासारखंच असतं. त्याने कोणाचंच काही भागलं नाही.

उन्हाळाभर मी त्यांचे फॉर्म भरत होते. प्रवेशाचं प्रमाणपत्र, कोविडचा विमा, लशीचा दाखला, दहनाचा दाखला, अंत्यविधी करणाऱ्यांचं पत्र की डब्यात हेच आहे. डबा लाकडी हवा, धातूचा असला तर विमानतळावरच्या एक्स-रेमधून आरपार दिसत नाही. हे त्यांनी स्वतः शोधून काढलं आणि गावातल्या सुताराकडून करवून घेतलं. बँकॉकला उतरल्यावर चौदा दिवस हॉटेलच्या एका खोलीत बंद, त्यानंतर गाव. नियम दर महिन्याला बदलायचे. कधी दारावर फॉर्म घेऊन उभी राहिले की मला माझीच लाज वाटायची. माझे आईवडील सांगलीत होते. दोन वर्षं मी गेले नव्हते. दुसरी लाट आली तेव्हा मी रोज फोनवर ऑक्सिमीटरचा आकडा विचारण्यापलीकडे काही करू शकले नव्हते. ते सुदैवाने निभावले. आणि इथे मी परक्या माणसाला परक्या देशात पाठवायच्या कामाला लागले होते, कारण हे निदान फॉर्मने होण्यासारखं होतं.

सप्टेंबरमध्ये ते निघाले. त्यांच्या पुतण्याने त्यांना डब्लिन विमानतळावर सोडलं. काळा शर्ट, काळी पँट, पाठीवरच्या सॅकमध्ये डबा, खिशात माझी वही.

ते हॉटेलात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मला बहिणीचा मेसेज आला, फक्त मला. आईला माहीत नाही, असं तिने लिहिलं होतं. नोव्हेंबरमध्ये आई खूप आजारी होती, तेव्हा तिला सांगितलं नाही. मग सांगायचं राहत गेलं. आई विसरतेही हल्ली. तिला वाटतं मुलगी आयर्लंडला आहे आणि कोविडमुळे येत नाही. त्यांनी आईपुढे काही बोलू नये. राख सरळ देवळात नेऊ. हे तुम्ही त्यांना समजावून सांगाल का? माझ्या इंग्रजीत मला नीट सांगता येणार नाही.

त्यांचा फोन रोज यायचा, साडेअकराच्या सुमारास, माझ्या चहाच्या सुट्टीत. तिकडे संध्याकाळ झालेली असायची. खिडकी उघडत नाही. जेवण दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवतात. डबा त्यांनी उशाशी, उंचावर ठेवला होता, पायांच्या दिशेला नाही, हे ते मला मुद्दाम सांगायचे. ते मोठ्याने वही वाचून दाखवायचे. "मॅ," ते म्हणायचे. "बरोबर आहे का उच्चार? मॅ." मी म्हणायचे, बरोबर आहे.

मी त्यांना सांगितलं नाही. एकट्या माणसाला बंद खोलीत हे कसं सांगायचं, असं मी मनाशी म्हणत होते. बाहेर आले की सांगू. मग बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी, उद्या इतका लांबचा प्रवास आहे, पोचल्यावर सांगू. लोकांना वाईट बातम्या सांगणं हे माझं रोजचं काम होतं. त्याचं रीतसर ट्रेनिंग असतं, आधी बसायचं, मग विचारायचं की तुम्हाला काय काय माहीत आहे. ते सगळं मला पाठ होतं. बहिणीला मी नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला होता. तिने त्याचा अर्थ घेतला की सांगून झालं.

ते गावात पोचले त्या दिवशी माझा राऊंड चालू होता. फोन थरथरला, मी बंद केला, परत थरथरला. कन्सल्टंटना सांगून मी बाहेर कार पार्कमध्ये आले.

"डॉक्टर," ते म्हणाले. आवाज दबका होता, आवाज चढवायचा नाही हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. "ती विचारतेय की मुलगी कुठे आहे."

वाऱ्यात ऐकू यावं म्हणून मी दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"दारातच विचारलं. मी हात जोडले, मॅ म्हटलं, सगळं केलं. ती माझ्या मागे बघत होती, गाडीकडे. बहिणीने डबा घेतला आणि शालीखाली झाकून मागच्या दाराने नेला. मला म्हणाली, बोलू नका. डॉक्टर, त्यांनी तिला सांगितलेलंच नाही. दहा महिने झाले."

"हो," मी म्हटलं.

"हे बरोबर आहे का? तुमच्या बाजूला असंच करतात का? मला कळत नाही यात रीत काय आहे. मी तिथे बसलोय आणि ती माझ्याकडे बघून हसतेय. मी काय बोलू?"

आमच्याकडेही करतात. माझ्या आत्याला काकांचं जाणं असंच कितीतरी दिवस लपवलं होतं, आणि घरातल्या कोणालाही त्यात गैर वाटलं नव्हतं. इथे हॉस्पिटलात मी याच्या नेमकं उलट वागत होते. मी दोन गाड्यांच्या मधे उभी होते, अंगावर स्क्रब्ज, वारा सुटलेला. मी म्हटलं, "मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले. आणि मग, "ग्रँड." फोन ठेवला.

पुढचं मला बहिणीकडून आणि त्यांच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं. त्यांनी खुर्ची घेतली नाही. ते जमिनीवर बसले आणि डावा पाय वाकेना म्हणून तो सरळ सासूच्या दिशेला आला. ज्याची त्यांना महिनोन् महिने भीती वाटत होती तेच झालं. ते पाय दोन्ही हातांनी ओढायला लागले, तेव्हा म्हातारीने जवळची चादर घेतली, त्यांच्या पायावर टाकली आणि नीट खोचली, थंडी वाजणाऱ्या माणसाचं पांघरूण सारखं करावं तशी. त्यानंतर ते रोज तिथेच, तसेच बसायचे.

देवळातला विधी तिसऱ्या दिवशी सकाळी झाला. आईला सांगितलं की शाळेचा कार्यक्रम आहे. बहिणीने ती राख पांढऱ्या कापडावर ओतली आणि बोटांनी तिचाच आकार केला, डोकं, हात, पाय. तिने मला फोटो पाठवला होता. मी तो एकदाच पाहिला. सुगंधी पाणी त्यांनी शिंपडलं. भिक्खूंना दोन्ही हातांनी वस्त्रं दिली. बहीण म्हणाली, त्यांचं काहीही चुकलं नाही.

घरी मात्र म्हातारी रोज विचारायची. सकाळी आणि दुपारी, कधी जेवताना. मुलगी कधी येणार. पहिले दोन दिवस ते नुसते मान खाली घालून बसले. तिसऱ्या दिवशी, देवळातून आल्यावर, तिने विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं. आपल्या इंग्रजीत, सावकाश, आवाज न चढवता. ती नोव्हेंबरमध्ये गेली. कामावर होती, पाव भाजत होती. दोन दिवस हॉस्पिटलात होती, दुखत नव्हतं. मी शेवटी तिच्याजवळ होतो. मी तिला तुमच्याकडे लवकर आणायला हवं होतं, दर वर्षी म्हणत राहिलो. आज तिला देवळात ठेवलं.

म्हातारीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि त्यांच्यापुढे केळी सरकवली. बहीण दारात उभी होती. ते सावकाश बोलले म्हणून या वेळी तिला कळलं. तिने ते आईला थायमध्ये सांगितलं नाही.

मग तसंच सुरू झालं. ती विचारायची आणि ते सगळं सांगायचे, पहिल्यापासून, दर वेळी. बहीण म्हणाली की कधी कधी त्यात नवीन गोष्टी यायच्या. पहिल्यांदा कुठे भेटले, तिने बर्फ कधी पाहिलं, बस बंद पडली तेव्हा तिने सगळ्या मुलांना कसा भात खाऊ घातला. म्हातारी ऐकत राहायची. एकदा तिने हात पुढे करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. मोठ्यांनी ठेवला तर चालतो, बहिणीने मला लिहिलं, तुम्ही वहीत चुकीचं लिहू नका.

ते तीन आठवडे राहिले आणि ऑक्टोबरच्या शेवटी परतले. पुतण्या आजारी होता म्हणून बस स्टॉपवर मी आणायला गेले. डब्लिनहून येणारी बस उशिरा पोचली. ते उतरले तेव्हा उन्हाने भाजले होते आणि बारीक झाले होते. गाडीत बसल्यावर मी काच थोडी खाली केली, मास्क होतेच.

गावाबाहेर पडेपर्यंत आम्ही हवेबद्दल बोललो. मग मी म्हटलं, "मला आधीच माहीत होतं. त्यांनी आईला सांगितलं नव्हतं ते. तुम्ही हॉटेलात होता तेव्हाच मला कळवलं होतं. तुम्हाला सांगायचं काम माझं होतं."

"हो," ते म्हणाले. "बहिणीने सांगितलं."

मी चूक झाली वगैरे म्हणायला लागले. त्यांनी हात जरासा वर केला.

"तुम्ही सांगितलं असतंत तर मी त्या हॉटेलातूनच परत फिरलो असतो," ते म्हणाले. "डबा कुरियरने पाठवला असता. मी तसाच माणूस आहे." त्यांनी मास्क नाकावर सारखा केला. "पण सांगायला हवं होतंत. हे दोन्ही खरं आहे, डॉक्टर. यातलं कुठलं मोठं ते मला माहीत नाही."

मी गाडी चालवत राहिले. वाटेतल्या दुकानाशी त्यांनी थांबायला सांगितलं. घरात दूध नसेल, ते म्हणाले, आणि ब्रेडही. तुम्हाला काही हवंय का? मी नको म्हटलं. ते उतरले, दुखऱ्या पायाने हळूहळू आत गेले, आणि मी वायपर चालू ठेवून बसून राहिले.